माणदेशाचा अभिमान आणि जत्रेतली आपली जागा

सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या भागाच्या इतिहासावर एक स्मरणिका काढायचे ठरले. "तुम्ही इतिहासाचे प्राध्यापक, तुम्हीच लिहा," असे संपादक मंडळींनी आग्रहाने सांगितले. मला बरे वाटले. ज्याच्या घरात त्याच्या आधी कोणी कॉलेजची पायरी चढले नाही, त्याला तालुक्याचा इतिहास लिहायला सांगितले जाते, ह्याचे समाधान वाटणे स्वाभाविक होते. मी पंधरा पाने लिहिली. छापून आली नऊ.

जी सहा पाने गळली त्यांत काय होते? जत्रेच्या आदल्या दिवशी गाव कोण झाडत असे, पालखीपुढे मशाल कोण धरीत असे, हलगी कोण वाजवीत असे, रथाचे आणि बैलांचे दोर कोण वळीत असे आणि जत्रेत जनावर मेले तर ते कोण ओढून नेत असे, एवढेच. मी कारण विचारले तेव्हा एक गृहस्थ फार मायेने म्हणाले, "सर, आनंदाचा प्रसंग आहे. जुन्या गोष्टी कशाला उकरायच्या?" चहा पाजला, शाल दिली. हे मुद्दाम नमूद करतो. आमच्या आजोबांना वेशीबाहेर थांबवीत असत. आम्हाला आत बोलावतात, शाल देतात, आणि पाने कमी करतात.

त्या नऊ पानांत खोटे काही नव्हते. सांगोला हे इतिहासातले गाव आहेच. १७४९ च्या डिसेंबरात शाहू छत्रपती वारले. त्यांच्या मागे आलेल्या रामराजांना बरोबर घेऊन सदाशिवरावभाऊ १७५० साली सांगोल्यावर चालून आले, कारण यमाजी शिवदेव इथली गढी धरून बसला होता. तिथेच छत्रपतींनी राज्यकारभाराची सत्ता पेशव्यांच्या हाती देण्याचा करार झाला. शाळेच्या पुस्तकातला 'सांगोल्याचा करार' तो हाच. आमच्याकडे कोणीही पाहुणा आला की भाषणाची सुरुवात ह्या करारापासून होते. मीही त्या पानांत तो रंगवून लिहिला होता.

आज मागे वळून पाहताना मात्र एक प्रश्न पडतो. त्या कराराने ज्यांच्या हाती सत्ता गेली त्यांच्या राज्यात अस्पृश्यांच्या वाट्याला काय आले, हे बाबासाहेबांनी 'जातिसंस्थेचे उच्चाटन' ह्या १९३६ च्या न झालेल्या भाषणात सांगून ठेवले आहे. पुण्यातला कमरेचा झाडू आणि गळ्यातले मडके ह्यांचा उल्लेख वाचला नाही असा आपला कार्यकर्ता विरळा. मग ज्या गावात त्या सत्तेवर शिक्का बसला, त्या गावातल्या महारवाड्याने त्या शिक्क्याचा अभिमान नेमका कोणत्या अर्थाने बाळगावा? करार हा इतिहास आहे, तो शिकवलाच पाहिजे. पण इतिहास आणि अभिमान ह्या दोन वस्तू आहेत, हे आमच्या स्मरणिकांना अजून कळलेले नाही.

माणदेश म्हणजे काय, हेही नीट पाहिले पाहिजे. महादेवाच्या डोंगरात उगम पावणारी माण नदी दहिवडी, म्हसवड, आटपाडी, सांगोला, मंगळवेढा ह्या भागातून वाहत भीमेला मिळते. तिच्या काठचा हा सारा पर्जन्यछायेचा, खडकाळ, कुसळाचा मुलूख म्हणजे माणदेश. नकाशावर ह्या नावाचा जिल्हा कधीच नव्हता. सांगोला आणि पंढरपूर सातारच्या राज्यात होते, १८४८ साली सातारा खालसा झाल्यावर ते इंग्रजांकडे आले आणि पुढे सोलापूर जिल्ह्यात गेले. आटपाडी औंधच्या पंतप्रतिनिधींकडे, मंगळवेढा सांगलीच्या पटवर्धनांकडे, दक्षिणेला जत डफळ्यांचे. एका नदीवर इतकी राज्ये. म्हणजे माणदेश हा राजांनी केलेला देश नव्हे. तो दुष्काळाने, खिलार जनावरांनी, मेंढरांमागे फिरणाऱ्या धनगरांनी आणि जत्रांनी एकत्र बांधलेला देश आहे. खरसुंडीच्या सिद्धनाथाची जत्रा, म्हसवडच्या सिद्धनाथाचा मार्गशीर्षातला रथ, सांगोल्यात रथसप्तमीच्या सुमारास भरणारी अंबिकादेवीची यात्रा आणि तिच्यासोबतचा खिलारांचा बाजार, कार्तिकीला पंढरपूरजवळ भरणारा जनावरांचा बाजार — ह्या ठिकाणी औंधचा माणूस जतच्या माणसाला भेटे, बैल विके, सोयरीक जुळवी, दुष्काळात चारा कुठे आहे ते विचारी. आपण एका मुलखातले आहोत ही जाणीव तिथे तयार झाली. म्हणूनच ह्या मुलखाच्या अभिमानाचा इतिहास लिहायचा तर जत्रेपासून सुरुवात करावी लागते, करारापासून नव्हे.

आणि जत्रेपासून सुरुवात केली की आपण लगेच दिसू लागतो.

गावाची शीव कुठून कुठे जाते हे सांगण्याचा अधिकार गावगाड्यात महाराचा होता. दोन गावांचा शिवेवरून तंटा लागला की महाराची साक्ष निर्णायक मानली जाई. शिवेचा दगड त्याला ठाऊक, ओढ्याचे जुने पात्र त्याला ठाऊक. देवाच्या निमंत्रणाचा सांगावा दुसऱ्या गावी न्यायचा तो त्यानेच, दवंडी पिटायची त्यानेच, वाटसराला पुढच्या गावाच्या हद्दीपर्यंत पोचवायचे त्यानेच. म्हणजे हा मुलूख एकमेकांना ज्या पायांनी जोडला गेला ते पाय आमच्या आज्या-पणज्याचे होते. ज्याने गावाची हद्द राखली त्याचे घर मात्र गावाच्या कुसाबाहेर. त्रिंबक नारायण आत्रे ह्यांनी १९१५ साली 'गावगाडा' लिहिला, त्यात बलुते-आलुत्याचा हा सारा पसारा मोठ्या बारकाईने मांडला आहे. पण तो वरून पाहिलेला गाडा आहे. चाकाखाली काय वाटते ते लिहायला पुढे दुसरे लोक यावे लागले.

माझी आजी ऐंशीच्या पुढची आहे. स्मरणिकेसाठी लिहायला बसलो तेव्हा तिला विचारले, "आजी, तुमच्या वेळची जत्रा कशी होती गं?" ती बराच वेळ तोंडातले पान चघळत राहिली. मग म्हणाली, "आरं, आमी जत्रंत व्हतो, पर जत्रा कंदी बघितली न्हाय."

ह्या एका वाक्यावर मी पुष्कळ विचार केला आहे. आदल्या दिवशी महारवाड्यातल्या बायांनी वेशीपासून देवळाच्या पारापर्यंत रस्ता झाडायचा. देवळाच्या पायरीपाशी झाडू थांबे. तिथून पुढे दुसऱ्या कोणाचे काम. पुरुषांनी महाप्रसादाची लाकडे फोडायची, बाहेरगावच्या पाहुण्यांच्या घोड्या-बैलांवर रात्रभर राखण करायची. पालखी निघाली की महाराने मशाल धरून पुढे चालायचे. तेल अंगावर ओघळे. मशालीचा उजेड देवावर पडे, धरणाऱ्याला देव दिसत नसे. त्याची पाठ देवाकडे आणि तोंड अंधाराकडे. मांगवाड्यातल्यांनी हलगी आणि सनई वाजवायची. घायपाताचे दोर, कासरे, दावी त्यांनीच वळायची, आणि जनावरांच्या बाजारात ती विकायलाही बसायचे. सांगोल्याच्या रविवारच्या बाजाराचे नाव आज महाराष्ट्रभर आहे, तिथल्या खिलार खोंडाच्या गळ्यातला गोंडा आणि नाकातली वेसण कोणाच्या हातची, ह्याचा विचार कोण करतो? बाजार उठला की मेलेले जनावर ओढायला पुन्हा महारच. बदल्यात काय? कापलेल्या बकऱ्याचे ठरलेले हक्काचे भाग, नारळाचा वरून टाकलेला तुकडा आणि सुगीला बलुते.

आपल्यातील काही मित्र ह्याला 'मान' म्हणतात. महाराशिवाय जत्रा निघत नसे, म्हणजे आपलाही मान होता, असे ते सांगतात. बेदरच्या बादशहाने महारांना बावन्न हक्क दिले ही कथा तर आमच्या म्हाताऱ्यांच्या तोंडी अजून आहे, आणि ती सांगताना त्यांचा आवाज चढतो. मी त्यांना दोष देत नाही. ज्याला काहीच नाही तो हक्काच्या आठवणीवर जगतो. पण जो मान नाकारता येत नाही त्याला मान म्हणता येईल काय? नको म्हटले की मार, बहिष्कार आणि बलुते बंद. अशा गोष्टीला आपल्या भाषेत वेठ म्हणतात.

ह्या मुलखाचे चित्र मराठी वाचकांच्या मनात उमटवले ते व्यंकटेश माडगूळकरांनी. 'माणदेशी माणसं' १९४९ साली आले आणि माणदेश हा शब्द पुण्या-मुंबईच्या दिवाणखान्यात गेला. त्यांनी गरीब माणसे पाहिली, प्रेमाने पाहिली; धर्मा रामोश्याचे व्यक्तिचित्र वाचून कोणाचे मन हलणार नाही? 'देवा सटवा महार' ही कथाही त्यांचीच. हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. परंतु त्याच आटपाडीत, त्याच मातीत, एका तराळाच्या पोटी ११ जुलै १९२१ रोजी शंकरराव खरात जन्मले. त्यांनी 'बारा बलुतेदार' लिहिले, 'सांगावा' लिहिले, 'तराळ-अंतराळ' लिहिले. तराळकीचा सांगावा घेऊन रात्री-अपरात्री पळणाऱ्या बापाचा मुलगा वकील झाला, मराठवाडा विद्यापीठाचा कुलगुरू झाला, १९८४ साली जळगावच्या मराठी साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झाला. माडगूळकरांचा माणदेश आणि खरातांचा माणदेश ह्यांत मैलाचेही अंतर नाही. फरक इतकाच की एक जण वेशीच्या आतून बाहेर पाहतो आणि दुसरा बाहेरून आत. माझ्या वर्गातल्या मुलांना मी दरवर्षी विचारतो, माणदेशी लेखक कोण? पहिले नाव कोणाचे येते ते सांगायला नको. दुसरे नाव यायला मला फळ्याकडे वळून स्वतः लिहावे लागते.

मंगळवेढ्याचे उदाहरण आणखी बोलके आहे. सांगोल्याहून ते जवळच. तिथल्या लोकांना चोखोबांचा अभिमान आहे आणि तो खोटा नाही. पण चोखोबा मेले कसे? गावकुसाचे काम चालू असताना, वेठीला धरलेल्या इतर महारांबरोबर, भिंत अंगावर कोसळून. १३३८ साल सांगितले जाते. संत म्हणून ज्याचा जयजयकार करायचा तो ज्या भिंतीखाली मेला ती भिंत त्यालाच बाहेर ठेवण्यासाठी उभी होती. त्यांची समाधी पंढरपुरात महाद्वारासमोर, नामदेव पायरीजवळ आहे. दाराच्या आत नाही, बाहेर. ह्याच मंगळवेढ्याची दुसरी कथा दामाजीपंतांची. दुष्काळात त्यांनी सरकारी कोठार लोकांना खुले केले, आणि त्या धान्याचा पैसा भरायला पांडुरंग विठू महार होऊन बेदरला गेला. ही कथा आमच्याकडे कीर्तनात रंगते. देवाला महार व्हायला हरकत नव्हती, कारण निरोप पोचवण्याचे काम होते. महाराने देवाकडे जायचे म्हटले तेव्हा १९४७ चा मे महिना उजाडावा लागला आणि साने गुरुजींना दहा दिवस प्राणांतिक उपोषण करावे लागले.

बाबासाहेब ह्या वाटेने गेले नाहीत. रमाबाईंना पंढरपूरला जायची ओढ होती. जे पंढरपूर आपल्याला दारात उभे करते तिथे जाण्याऐवजी आपण आपल्या कर्तृत्वाने दुसरे पंढरपूर उभारू, अशा अर्थाचे त्यांनी रमाबाईंना सांगितले होते. ही आठवण सर्वांना माहीत आहे. १९३७ च्या डिसेंबरअखेर ते पंढरपुरास आले ते सोलापूर जिल्ह्यातील अस्पृश्यांच्या परिषदेसाठी. यात्रेच्या गावात आपल्या माणसांनी जमावे, पण देवासाठी नव्हे. ही गोष्ट त्या काळी लहान नव्हती.

देवळापेक्षा त्यांना वतन महत्त्वाचे वाटत होते, आणि आमच्या जत्रेचा इतिहास समजायला तेच धरून चालावे लागते. १८७४ च्या वतन कायद्याने महाराची गावचाकरी सरकारी कागदावर पक्की झाली. चोवीस तासांचा नोकर, मोबदला म्हणजे तुकड्यात वाटलेली वतनी जमीन आणि रयतेकडून मिळाले तर बलुते. १९ मार्च १९२८ रोजी बाबासाहेबांनी मुंबई कायदे मंडळात हा कायदा दुरुस्त करण्याचे विधेयक मांडले. ते तेव्हा पार पडले नाही. आपल्याच लोकांतील अनेकांना वतन सोडवत नव्हते, हेही लपवू नये. अखेर १९५८ चा कनिष्ठ गाववतने नष्ट करण्याचा कायदा झाला आणि १ ऑगस्ट १९५९ पासून तो अमलात आला. वतन गेले. जमीन परत आपल्या नावावर करून घ्यायला सारापट्टीच्या पटीत रक्कम भरायची होती. ती कित्येकांना भरता आली नाही, आणि माळावरच्या त्या तुकड्यांचे पुढे काय झाले ही स्वतंत्र लेखाची गोष्ट आहे.

पण कायदा मुंबईत होतो आणि जत्रा गावात भरते. मधले अंतर माणसाला चालून जावे लागते.

आमच्या गावात ते अंतर चालले गेले धर्मांतरानंतर दोन-तीन वर्षांत. नेमके साल आजीला सांगता येत नाही. जत्रेच्या आधी महारवाड्यातली सहा-सात कर्ती माणसे पाटलाच्या वाड्यापुढे गेली आणि म्हणाली, आता आम्ही गाव झाडणार नाही, मशाल धरणार नाही, मेलेले ओढणार नाही. त्यांत माझे आजोबा होते. वाद झाला नाही म्हणे. पाटील नुसते "बरं" म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून गावातल्या दुकानाने मीठ-तेल बंद केले, विहिरीवरचा माणूस पाणी वाढीना, पेरणीची उसनवारी थांबली. बाया रविवारी सांगोल्याच्या बाजारापर्यंत चालत जाऊन आठवड्याचे मीठ आणीत. "पाय मोडून यायचं," आजी म्हणते, "पर परत येताना कुणाचं तोंड उतरल्यालं न्हाय बघितलं मी."

जत्रा मात्र थांबली नाही. ह्याची मला सर्वांत जास्त गंमत वाटते. शेकडो वर्षांची परंपरा, महाराच्या मशालीशिवाय देव हलत नाही, असे सांगणाऱ्या गावाने तालुक्याहून भाड्याने गॅसबत्ती आणली. देव हलला. ती बत्ती डोक्यावर घ्यायला मांगवाड्यातला एक पोरगा धरला. आजी अजून त्या पोराबद्दल कडवटपणे बोलते: "आमी सोडलं आन् त्येंनी उचाललं." ह्या कडवटपणाकडे मी पुन्हा येणार आहे.

त्यानंतर काही वर्षांनी, 'दुष्काळाच्या आदी' म्हणजे १९७२ च्या आधी, गावात १४ एप्रिल सुरू झाला. पुण्यात जनार्दन सदाशिव रणपिसे ह्यांनी १९२८ साली बाबासाहेबांची जयंती सार्वजनिक रीतीने साजरी केल्याचे सांगितले जाते. ती आमच्या माळावर पोचायला एवढी वर्षे लागली. बैलगाडीत फोटो ठेवला, कडुनिंबाचे डहाळे बांधले, महारवाड्यातच दोन फेऱ्या मारल्या. गावाच्या पेठेतून मिरवणूक न्यायला पुढे बरीच वर्षे आणि पोलीस बंदोबस्त लागला. रस्ता तोच होता, जो आमच्या बायांनी पिढ्यान्‌पिढ्या झाडला होता. त्यावरून चालायला परवानगीचा अर्ज लागत होता.

रस्त्याची ही लढाई एकट्या माणदेशाची नव्हे. केरळात अय्यनकाळींनी १८९३ साली बैलगाडीत बसून सार्वजनिक रस्त्याने जाण्याचे धाडस केले, तेव्हा तिथल्या सवर्णांना जो संताप आला तोच संताप ऐंशी वर्षांनी आमच्या पेठेतल्या ओट्यांवर बसला होता. तामिळनाडूत शिवगंगा जिल्ह्यातल्या कंडदेवीच्या रथाचा दोर दलितांनी धरावा की नाही, ह्यावरून विसाव्या शतकाच्या अखेरीस कोर्टापर्यंत प्रकरण गेले, पुढे कित्येक वर्षे रथ जागचा हललाच नाही, आणि २०२४ साली तो बंदोबस्तात ओढला गेला. तिथले सुशिक्षित लोक आपल्या भाषेचा, आपल्या द्राविड परंपरेचा केवढा अभिमान सांगतात! प्रादेशिक अभिमान कितीही पुरोगामी भाषेत बोलला तरी रथाच्या दोरापाशी आला की त्याची जात दिसते. आमच्या बंधूंनी तिकडे जाऊन दोर धरण्यासाठी लढावे की रथाकडे पाठ फिरवावी, ह्यावर मतभेद असू शकतात. मी पाठ फिरवणाऱ्यांच्या घरातला आहे. पण दोर धरू पाहणाऱ्याला मी मूर्ख म्हणणार नाही. तो देव मागत नाही, रस्ता मागतो.

आता थोडे आपल्याविषयी. हे लिहिणे कठीण आहे, तरी लिहितो. आज आमच्या तालुक्यात १४ एप्रिलची मिरवणूक कोणी अडवत नाही. ह्या तीस-चाळीस वर्षांत आपण काय केले? जत्रा सोडली आणि जयंतीची जत्रा केली. वर्गणीची पावती, कानठळ्या बसवणारे आवाज, पुढाऱ्यांचे फलक, कोणाचा फोटो वर आणि कोणाचा खाली ह्यावरून मारामारी. पूर्वी आमच्याकडे जयंतीच्या रात्री गायनपार्टी असे, मुले भाषणे करीत. मी पहिले भाषण चौथीत असताना ह्याच मांडवात केले. आता मांडव मोठा झाला आहे आणि बोलणारे मूल दिसत नाही. बाया पूर्वी रस्ता झाडीत होत्या. आता पांढरे लुगडे नेसून मिरवणुकीत मागे चालतात आणि मंडळाच्या यादीत त्यांचे एकही नाव नसते.

आणि मांगवाडा? १ ऑगस्टला अण्णाभाऊंची जयंती तो वेगळी करतो. वाटेगावचे अण्णाभाऊ आमच्यापासून दूर नव्हेत, मैलानेही नाही आणि विचारानेही नाही. दोन मिरवणुका, दोन वर्गण्या, दोन झेंडे. गावाने बत्ती एकाच्या डोक्यावरून दुसऱ्याच्या डोक्यावर दिली त्या दिवसापासूनची ही फूट आहे, असे म्हटले तर फार चुकीचे होणार नाही. आपण नकार दिला, तो योग्यच होता. पण नकार देताना शेजारच्या वाड्यात जाऊन विचारले नाही. कसबे तडवळ्याला १९४१ च्या फेब्रुवारीत महार-मांग वतनदारांची परिषद बाबासाहेबांच्या उपस्थितीत एकत्र भरली होती. ती आठवण आमच्या गावापर्यंत पोचली नाही.

मग ह्या मुलखाचा अभिमान बाळगावा असे काहीच नाही काय? आहे. आणि ते पाण्याच्या बाजूने आहे.

१९७२ च्या दुष्काळात माणदेशाची सगळी माणसे खडी फोडायला गेली. तिथे पहिल्यांदा पाटलाच्या सुनेने आणि महारवाड्यातल्या बाईने शेजारी बसून हातोडी चालवली. त्या अनुभवातून रोजगार हमीला बळ मिळाले आणि १९७७ चा कायदा आला. वि. स. पागे ह्यांचे नाव त्यासाठी घेतले जाते ते योग्यच. पण तळपत्या उन्हात खडीच्या ढिगावर बसलेल्या बायांची नावे त्या कायद्याच्या इतिहासात कोठे आहेत? पुढे बलवडी-तांदूळवाडीच्या शेतकऱ्यांनी बळीराजा धरण बांधले. त्याचे पाणी प्रत्येक कुटुंबाला, भूमिहीनालासुद्धा, असे ठरले. १९९३ पासून आटपाडीला दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद भरू लागली. नागनाथअण्णा नायकवडी, भारत पाटणकर, आमच्या सांगोल्याचे आमदार गणपतराव देशमुख ही मंडळी व्यासपीठावर असत. गणपतराव इथून अकरा वेळा विधानसभेवर निवडून गेले. त्यांच्या साधेपणाचे कौतुक आमच्याकडे विरोधकही करतात. मला त्या साधेपणापेक्षा ह्या परिषदेची मागणी मोठी वाटते: कृष्णेचे पाणी दुष्काळी मुलखाला द्या, आणि ते देताना ज्याला जमीन नाही त्याचाही हिस्सा धरा. ह्या देशात पाण्याचा हिस्सा अस्पृश्याला मागावा लागला तो महाडला, १९२७ साली, ओंजळभर प्यायला. सत्तर वर्षांच्या आत आमच्या माळावर कोणी तरी म्हणाले की भूमिहीनाला शेताइतकेच पाणी हक्काने मिळाले पाहिजे. ही माणदेशाची परिषद. तिला पालखी नव्हती आणि मशालवालाही नव्हता.

टेंभूचे पाणी आता तालुक्याच्या काही भागात आले आहे. डाळिंबाच्या बागा वाढल्या, कीर्ती झाली, रोगानेही बागा खाल्ल्या. भूमिहीनाच्या हिश्श्याची गोष्ट मात्र भाषणातून हळूहळू गळत गेली. जसा पाइप शेताला पोचतो तसा हिस्साही सातबाऱ्यालाच पोचतो, आणि आपल्यातल्या कित्येकांचा सातबारा वतनाबरोबर गेला आहे. स्मरणिकेच्या नऊ पानांत डाळिंबाला दीड पान होते.

गळलेली सहा पाने माझ्याकडे आहेत. ती पुन्हा लिहायला घेतली तेव्हा ध्यानात आले की त्यांतही एक खोट आहे. मी फक्त माझ्या आजीला विचारले होते. म्हणून गेल्या वर्षी बी. ए.च्या अकरा मुलामुलींना तीन प्रश्न देऊन आपापल्या गावी पाठवले: जत्रेत तुमच्या घराचे काम काय होते, ते कधी सोडले, आणि सोडल्यावर ते कोणी केले? माळ्याच्या मुलाने, धनगराच्या मुलीने, रामोश्याच्या मुलाने, सगळ्यांनी लिहून आणले. धनगराच्या मुलीने गजीच्या ढोलाबद्दल आठ पाने लिहिली आणि शेवटी लिहिले की ढोल देवळाच्या पाराखालीच वाजे. हे मला माहीत नव्हते.

माझ्याच गावची एक मुलगी वर्गात आहे, मांगवाड्यातली. तिने दोनच पाने आणली. गॅसबत्ती डोक्यावर घेतलेला तो पोरगा तिचा पणजोबा होता. तिच्या आजोबांनी तिला सांगितले ते असे: वय बारा-तेरा, नको म्हणाला तर बापाला पाटलाच्या मळ्यातल्या कामावरून काढतील, असे घरी सांगून गेले होते. वाटेत बत्तीची काच तडकली आणि उजव्या खांद्यावर भाजले. तो वळ शेवटपर्यंत होता. पालखी महारवाड्यावरून जाताना दारात उभ्या असलेल्या लोकांकडे त्याने पाहिले, आणि कोणी त्याच्याकडे पाहिले नाही.

मुलीने विचारले, "सर, हे शेवटचं लिहू का नको? तुमच्याच घरासमोरून पालखी जाती म्हणून विचारलं."

मी म्हणालो, लिही. संध्याकाळी घरी जाऊन ती पाने आजीला वाचून दाखवली. तिने खांद्याचे पुन्हा एकदा वाचायला सांगितले.